पडद्यावरचा वेष आणि पेठेतील कात्री

लग्नसराईत लातूरच्या गंजगोलाईत, जिथे 16 रस्ते एकत्र येतात, किंवा नांदेडच्या वजिराबादेत एखाद्या कापडाच्या दुकानात थोडा वेळ थांबणाऱ्यास एक देखावा हमखास पाहावयास मिळतो. मुलगी मोबाइलवर कोण्या नायिकेचे छायाचित्र दाखवीत असते, आई साडीचा पोत बोटांनी चाचपीत असते आणि गादीवरचे काका दोघींनाही न दुखावता तिसराच ताका उलगडीत असतात. यातील मोबाइल तेवढा नवा आहे. साठ वर्षांपूर्वी त्याच्या जागी सिनेमासिकातून कापलेले चित्र असे, आणि तेही पुष्कळदा चित्रपट गावात येण्याच्या आधी पोहोचलेले असे.

मराठवाड्यातील वेषभूषेवर सिनेमाचा परिणाम किती झाला हे पाहताना हा उशीर ध्यानात ठेवावा लागतो. मुंबईत झळकलेला चित्रपट जिल्ह्याच्या गावी पोहोचेपर्यंत महिने उलटत; खेड्यापाड्यांत तो यात्रेच्या निमित्ताने तंबूत येई. तोवर रेडिओ सिलोनवरून गाणी पाठ झालेली असत, आणि नायिकेची साडी कशी होती हे पाहण्यापेक्षा ऐकलेलेच अधिक असे. कित्येक घरांतील स्त्रियांना चित्रपटगृहाची पायरी चढण्याची मुभाही नव्हती. अशा स्थितीत नक्कल करावी तरी कशाची? शिंप्याने ऐकीव वर्णनावरून बाही कापावी आणि गिऱ्हाइकाने ती ‘त्या सिनेमातली’ म्हणून मिरवावी, असा हा व्यवहार होता. त्यामुळे सिनेमाने मुली बिघडवल्या ही वडीलधाऱ्यांची तक्रार आणि सिनेमानेच नीटनेटके राहावयास शिकविले हे तरुणांचे उत्तर, या दोहोंत सिनेमाला त्याच्या वाट्याहून जास्त माप दिले जाते. या भागातील वेष ठरविला तो शिंप्याने, घरच्या कामाने आणि पाण्याने.

पडद्यामागे ज्यांनी हे वेष घडविले, त्यांत सर्वांत मोठे नाव मराठीच आहे. भानुमती राजोपाध्ये, अर्थात भानू अथैय्या, यांचा जन्म 1929 साली कोल्हापुरात झाला. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या चित्रकारांबरोबर त्यांची चित्रे प्रदर्शित झाली. नियतकालिकासाठी वेषांची रेखाटने करता करता त्या चित्रपटांकडे वळल्या, आणि 1956 च्या ‘सीआयडी’पासून पुढे अर्धशतकाहून अधिक काळ हिंदी पडद्यावरील कपड्यांना त्यांनी वळण दिले. त्यांचे वैशिष्ट्य असे, की त्या कपडा आधी चित्रकाराच्या डोळ्याने पाहत आणि मगच शिंप्याच्या हाती देत.

‘आम्रपाली’ या 1966 च्या चित्रपटासाठी त्यांनी अजिंठ्याची लेणी पाहून अभ्यास केला. अजिंठा मराठवाड्यातच आहे, आणि वैशाली ही नगरी कोणती हे जैन वाचकास निराळे सांगावयास नको. लेण्यांतील भित्तिचित्रांवरून वैजयंतीमालेसाठी आखूड अंतरीय, उरोवस्त्र, मेखला आणि केशरचना सिद्ध झाली. इतिहासाच्या काटेकोर दृष्टीने यात मेळ नाही. आम्रपाली महावीर-बुद्धांच्या काळातील, तर अजिंठ्यातील प्रसिद्ध चित्रांपैकी बहुतेक इसवी सनाच्या पाचव्या शतकातील. मध्ये सुमारे हजार वर्षांचे अंतर आहे. परंतु पडद्याने हे अंतर असे बेमालूम पुसले, की पुढे नाटकांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि धार्मिक प्रसंगांच्या देखाव्यांत ‘प्राचीन काळची राजकन्या’ म्हटले की तोच पोशाख पुढे येऊ लागला. भाड्याने कपडे देणाऱ्या दुकानात आजही ‘आम्रपाली ड्रेस’ मागितला तर दुकानदार प्रश्न विचारीत नाही. मराठवाड्याच्या भिंतीवरून निघालेली वस्तू मुंबईमार्गे मराठवाड्यात परत आली, आणि येताना तिचा शिक्का बदलला.

चुडीदाराची कथा याहून मजेदार आहे. ‘वक्त’ (1965) मधील साधनाचा अंगाबरोबर बसणारा कुर्ता आणि घट्ट चुडीदार हीदेखील भानू अथैय्या यांचीच करामत. पुण्या-मुंबईच्या मुलींना तो नवा वाटला. नांदेडला नवा वाटण्याचे कारण नव्हते. हा सारा मुलूख 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. शेरवानीखालचा चुडीदार इथल्या शिंप्यांना चांगला परिचित होता. आडव्या कापाचे कापड कसे घ्यावे म्हणजे पोटरीला सुरकुत्या नेमक्या पडतात, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. फरक एवढाच, की जो वेष तोवर पुरुषांचा आणि मुसलमान घरांतील स्त्रियांचा मानला जाई, तो सिनेमामुळे हिंदू आणि जैन घरांतील महाविद्यालयीन मुलींनाही चालू लागला. ओढणी मात्र पडद्यावरच्यापेक्षा दीड हात लांब झाली. ती कोणी लांब केली हे उघड आहे.

याच नायिकेचा ‘साधना कट’ 1960 च्या ‘लव्ह इन सिमला’मधून आला. कपाळावर बटा कापण्यास कापड लागत नाही, शिलाई लागत नाही. सर्वांत स्वस्त फॅशन ती हीच, आणि आजीसमोर बसताना पदराखाली किंवा पिनेखाली लपविता येणारीही. पुरुषांच्या बाबतीत फारसे सांगण्यासारखे नाही. देव आनंदची टोपी, राजेश खन्नाचा गुरू शर्ट, मग बेलबॉटम, असे क्रमाने आले आणि गेले. दादा कोंडके यांची ‘सोंगाड्या’मधील लोंबती नाडी तेवढी उलट दिशेने गेली: ती खेड्यातून पडद्यावर पोहोचली, आणि तिची फॅशन म्हणून कोणी नक्कल केली नाही, कारण गावात ती आधीपासून होतीच.

खरा बदल झाला तो साडीत. लातूर, उदगीर, औसा या पट्ट्यात बायका इरकली लुगडे नेसत. ते कर्नाटकातील इल्कल गावाहून येई. गर्द निळे किंवा डाळिंबी अंग, लाल पदर आणि त्यावर पांढरी बुरुजांसारखी नक्षी. त्यावर गुळेदगुड्डचा खण. एका खणात एक चोळी, कापडाची चिंधीही वाया जात नसे. सिनेमातील ब्लाउजला मात्र टक्स हवेत, हूक हवेत, अस्तर हवे. फुग्याच्या बाहीला कापड जास्त लागते, आणि कटोरी ब्लाउज ज्याला साधतो त्या शिंप्याकडे लग्नसराईत महिना-महिना थांबावे लागते. खण मागे पडला आणि ‘मॅचिंग सेंटर’ उघडले. सैतवाळ जैन समाजातील अनेक घराण्यांचा कापड आणि शिवणकाम हाच पिढीजात व्यवसाय राहिला आहे. हे स्थित्यंतर त्यांनी दुकानाच्या गादीवरून आणि यंत्राच्या पायट्यावरून पाहिले.

पण नऊवारीची सहावारी केवळ नायिकांमुळे झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. नऊ वार सुती लुगडे भिजले म्हणजे पिळण्यास दोघी लागतात. ते धुण्यास पाणी लागते आणि वाळण्यास दोरी लांब लागते. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात धुण्याचे पाणी हा साड्या निवडतानाचा फार गंभीर विचार असतो. नायलॉनची, पुढे पॉलिएस्टरची सहावारी दोन बादल्यांत निघे, तासाभरात वाळे, इस्त्री मागत नसे. शिवाय ज्या जैन घरांत रेशीम वर्ज्य मानले जाते, तिथे रेशमासारखी दिसणारी पण रेशीम नसलेली साडी ही नुसती स्वस्ताई नव्हती. लग्नात उठून दिसण्याची ती एक वाट होती. सिनेमाने या साडीला रूप दिले, नाव दिले. निवड बायकांनी आपल्या कामाचा आणि श्रद्धेचा हिशेब करून केली. उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे गेला, की याच साडीत जीव नकोसा होतो, हाही त्या हिशेबातलाच तोटा.

हातमागाचे या भागात जे उरले, त्यातील एक धागा सिनेमाला अनपेक्षितपणे जाऊन मिळतो. भानू अथैय्या यांना जॉन मोलो यांच्यासमवेत ‘गांधी’ चित्रपटाच्या वेषभूषेसाठी 1983 मध्ये ऑस्कर मिळाले; तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंत एका माणसाचे कपडे कमी होत जातात, आणि त्याबरोबर त्याच्याभोवतीच्या हजारो माणसांच्या अंगावर जाडेभरडे पांढरे कापड वाढत जाते, हे त्या चित्रपटातील वेषभूषेचे काम होते. नुसत्या पांढऱ्या कापडावर गावे, वर्षे आणि माणसांची ऐपत वेगळी दाखविणे हे झगमगीत पोशाखाहून कितीतरी अवघड. हे कापड मराठवाड्याला परके नाही. राष्ट्रध्वजाची खादी लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या केंद्रात विणली जाते आणि मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती नांदेडला ध्वज शिवते. डिसेंबर 2021 मध्ये ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावरच्या पॉलिएस्टरलाही ध्वजासाठी परवानगी मिळाली. साडीत जे पन्नास वर्षांपूर्वी घडले, ते ध्वजाच्या दारात आता येऊन उभे आहे.

आणि नऊवारी? ती परत आली आहे, तीही शिवून. ‘ब्रह्मचारी’ (1968) मध्ये भानू अथैय्या यांनी मुमताजसाठी निऱ्या बसवून, चेन लावून शिवलेली साडी तयार केली, तेव्हा ती नृत्याची सोय होती. आज नांदेड-लातूरच्या दुकानांत शिवलेली नऊवारी परकरासारखी चढविता येते, आणि ज्या नवरीला काष्टा घालणे कोणी शिकविले नाही तिची त्यामुळे सोय होते, हे मान्य केले पाहिजे. अडचण निराळीच आहे. कपाटातील आजीचे इरकल बाहेर काढून ‘हेच शिवून द्या’ असा आग्रह आता होऊ लागला आहे. न शिवलेले लुगडे आजीला बसले, आईला बसले, नातीलाही बसते. एकदा मापाने कापले की ते एकाच अंगाचे होते, आणि तेही त्या एका वर्षापुरते. जाणते शिंपी म्हणून कात्री बाजूला ठेवतात, हाताच्या लांब टाक्यांनी निऱ्या आणि काष्टा पक्का करून देतात. समारंभ आटोपला, की घरी कोणीही तो दोरा उसवून लुगडे पुन्हा घडी करून ठेवू शकते. याची शिलाई यंत्राच्या शिलाईपेक्षा जास्त पडते, वेळही दुप्पट लागतो; पण कापड टेबलावर पसरण्यापूर्वी गिऱ्हाइकाने तसे सांगावे लागते.