कळफलकाचे मोल

महाराष्ट्र शासनाच्या फेब्रुवारी २०२५मधील निर्णयाने शासकीय कार्यालयांतील संगणकांच्या कळफलकांवर रोमन अक्षरांबरोबर देवनागरी अक्षरेही असणे बंधनकारक झाले. निर्णय स्वागतार्हच आहे. पण कळफलक कोणता घ्यायचा, हा प्रश्न त्यानंतर उरतो; आणि तो वाटतो तितका क्षुल्लक नाही.

आपल्याकडे कळफलक म्हणजे संगणकाबरोबर येणारी किरकोळ वस्तू. अक्षरे पुसली, कळा रुतू लागल्या की तीन-चारशे रुपयांत नवा आणायचा. वीस हजार रुपयांचाही कळफलक असतो आणि तो घेणारे लोक आहेत, हे सांगितले तर मध्यमवर्गीय घरात हसेच होईल. जपानमध्ये मात्र असा कळफलक १९९६पासून विकला जातो आहे. पीएफयू या कंपनीने टोकियो विद्यापीठातील संगणकतज्ज्ञ प्रा. एइइती वादा यांच्या संकल्पनेनुसार 'हॅपी हॅकिंग कीबोर्ड' बाजारात आणला. (नावातील 'हॅकिंग' म्हणजे चोरी नव्हे, जाणत्याची कारागिरी.) संगणक येतील आणि जातील, हात बसलेले साधन मात्र बदलू नये, ही वादा यांची धारणा. त्याच्या वरच्या श्रेणीच्या आवृत्तीला आज ३६ हजार येनहून अधिक मोजावे लागतात. २००६मध्ये तर पारंपरिक 'उरुशी' लाखेचे लेपन केलेली आवृत्ती पाच लाख येनहून अधिक किमतीला निघाली होती. ती हौस झाली, हे मान्य. पण नेहमीच्या कळफलकाची किंमत हौसेची नाही. कळ दाबली की धातूला धातू घासत नाही. केवळ विद्युतधारितेतील बदल टिपला जातो. त्यामुळे झीज नगण्य. अक्षरांचा रंग कळीच्या प्लास्टिकमध्ये मुरवलेला असतो, म्हणून ती सहजी पुसली जात नाहीत. साचे महाग, खप मर्यादित, म्हणून मोल चढे. जपानी मांडणीची स्वतंत्र आवृत्तीही कंपनीने काढली. आपल्या भाषेच्या सोयीसाठी वेगळा साचा करणे त्यांना परवडले.

भारतात असे कळफलक सहजी मिळत नाहीत. बिनतारी कळफलकांना २०१२च्या आदेशाने तपासणी व नोंदणी सक्तीची केली. नियम योग्यच आहे; परंतु मोजके नग खपणार असतील तर परदेशी उत्पादक तो खर्च कशाला करील? आणि स्वदेशी उत्पादक? १९९७मध्ये भारताने माहिती तंत्रज्ञानविषयक जागतिक करारावर सही केली आणि २००५पर्यंत संगणक व त्याच्या उपकरणांवरील आयातशुल्क शून्यावर आले. संगणक स्वस्त झाले, हे नाकारता येत नाही. पण स्वस्त आयात मालापुढे येथील कारखानदार उघडा पडला.

तरीही चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा 'गोल्ड' टिकला. बँकांत, दुकानांत, छपाईची अक्षरजुळणी करणाऱ्यांकडे त्याची टकटक वर्षानुवर्षे ऐकू येते. आयात कळफलकांच्या तुलनेत तो आवाक्यातला. मात्र ज्या स्विचमुळे त्याचे नाव झाले, तो जर्मनीच्या चेरी कंपनीचा. त्या रचनेचे एकस्व २०१४च्या सुमारास संपले आणि चिनी कारखान्यांनी तसेच स्विच बनवून जगाची बाजारपेठ काबीज केली. ती संधी आपल्यालाही तितकीच खुली होती.

खेदाची गोष्ट अशी की, कळफलकाचा बुद्धीचा भाग आपण केव्हाच पूर्ण केला आहे. १९८६मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाणित केलेली 'इनस्क्रिप्ट' मांडणी वर्णमालेच्या शास्त्रावर उभी आहे. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने. क आणि ख, ग आणि घ, त आणि थ एकेका कळीवर जोडीने. तेलुगू, बंगाली, गुजराती यांचीही जागा तीच. मराठी टंकलेखन शिकलेल्याची बोटे ती लिपीही लिहू शकतात. भारतीय भाषांचे ऐक्य याहून ठसठशीतपणे कोठे दिसावे!

आता शासन खरेदी करील. सर्वांत कमी दराच्या निविदेची जुनी सवय कायम राहिली, तर तीनशे रुपयांच्या कळफलकावर देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या येतील आणि वर्षभरात निघूनही जातील. त्याऐवजी कळीत मुरवलेली अक्षरे, इनस्क्रिप्ट मांडणी आणि किमान पाच वर्षांची हमी या अटी निविदेत घालता येतील. राज्यातील सर्व कार्यालयांची एकत्रित मागणी ही कोणत्याही कारखानदाराला साचा करण्यास पुरेशी आहे. खंडेनवमीला कार्यालयांत संगणकावर हळदकुंकू वाहिले जाते. ज्या कळांवर कारकुनाची बोटे दिवसाचे आठ तास चालतात, त्यांची चौकशी खरेदी विभागाने करायला हरकत नाही.