खोटा दिलासा

सूर्यमाळच्या डोंगरांतले आईबाप आश्रमशाळेंत मूल ठेवितात, तें सरकारच्या भरंवशावर. त्याच भरंवशावर नायजेरियांतील चिबोक येथें मुली परीक्षेसाठीं सरकारी वसतिगृहांत राहिल्या होत्या. १४ एप्रिल २०१४ च्या रात्रीं ‘बोको हराम’च्या अतिरेक्यांनीं २७६ मुली पळविल्या. दोन दिवसांनीं सैन्यानें बहुतेक मुली सुटल्याचें जाहीर केलें, आणि लगेच तें विधान मागें घेतलें! फेब्रुवारी २०१८ मध्यें दापचीहून ११० मुली नेल्या गेल्या, तेव्हां प्रांतिक सरकारनेंहि तेंच केलें. लोकांचा धीर खचूं नये म्हणून असें बोलावें लागतें, असें कोणी म्हणेल. परंतु खोट्या दिलाशानें आईबाप दुसऱ्यांदा लुटले जातात. सरकारनें आधीं मुलें मोजावीं, पालकांस खरी यादी द्यावी. धीर त्यांच्याजवळ आहेच.