घरचा हिशेब : मुलाचा संगणक आता वाढवावा की थांबावे?



जळकोटहून एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या तेव्हा त्यांनी थोरल्या मुलासाठी उदगीरहून संगणक जुळवून घेतला. मुलगा आता पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच संगणकावर तो रात्री मित्रांबरोबर गेम खेळतो आणि जयंतीचे, लग्नाचे, नामकरणाचे बॅनर व व्हिडिओही करून देतो. त्याचे थोडेफार पैसे मिळतात. त्याचे म्हणणे असे, की नवे गेम अडखळतात, म्हणून सत्तर हजार रुपये घालून सगळा संगणक नव्याने बांधावा. उशीर केला तर भाव आणखी चढतील. धाकटी मुलगी दहावीला आहे. तिला पुढे लातूरला ठेवून नीटची तयारी करून घ्यायची आहे. २०२५ च्या पावसाने सोयाबीन नेले ते नेलेच. "मुलाचे मन मोडवत नाही आणि मुलीचे वर्ष मोडवत नाही, काय करावे?" असे ताई विचारतात.

प्रश्न एका घरचा असला तरी आज तो आपल्या अनेक घरांत आहे, म्हणून आम्ही येथे सविस्तर उत्तर देत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. दिवसभर अभ्यास व काम करून मुलाने तासभर गेम खेळला तर त्यात काही वावगे नाही. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाची संपत्ती ज्या वाटांनी गळते त्या सांगितल्या आहेत. त्यांत जुगार आहे आणि करमणुकीच्या मागे सतत धावणेही आहे. म्हणजे करमणूक प्रमाणात असावी आणि तीत पैसा लावू नये. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. ताईंचा मुलगा पहिल्या वाटेला गेलेला नाही, याचे समाधान मानावे आणि मग शांतपणे हिशेबाला बसावे.

आता भावाविषयी. मुलगा म्हणतो ते खोटे नाही. २०२५ च्या अखेरीस संगणकाच्या मेमरीचे, म्हणजे रॅमचे, भाव काही महिन्यांत दुपटीहून अधिक झाले. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतेक मेमरी बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहिलेल्या प्रचंड डेटा सेंटरांना तीच मेमरी लागते आणि ते दाम मोजायला तयार असतात. म्हणून माल तिकडे वळला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपली घरगुती ग्राहकांसाठीची 'क्रुशिअल' ही छापच बंद करण्याचे जाहीर केले. अमेरिकेतल्या डेटा सेंटरची भूक जळकोटच्या पोराच्या खिशाला लागते, ती अशी.

परंतु भाव चढला म्हणून घाई करावी, हे त्यावरून सिद्ध होत नाही. २०११ मध्ये थायलंडात पूर आला, कारखाने पाण्यात गेले आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. पुढे पुरवठा सुरळीत झाला. २०२१ मध्ये आभासी चलन 'खणणाऱ्यांनी' ग्राफिक्स कार्डे उचलली आणि सामान्य मुलाला छापील किमतीत कार्ड मिळेना. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाची पद्धत बदलली, खणणे बंद पडले आणि तीच कार्डे जुन्या बाजारात ढिगाने आली. तेव्हा जो थांबला तो जिंकला. मेमरीसाठी २०२५ च्या उन्हाळ्यात जो थांबला तो मात्र हरला. पुढे काय होणार हे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा जुना व्यापारीही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. सोयाबीन आज विकावे की ठेवावे, हा प्रश्न ज्याने उदगीरच्या आडतीवर सोसला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. म्हणून निर्णय बाजाराच्या अंदाजावर टांगू नये. तो आपल्या गरजेवर आणि आपल्या गल्ल्यावर बसवावा.

गरज कशी ओळखावी? पत्रासोबत मुलाने भागांची यादी जोडली आहे : रायझन ५ ३६०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅटचा पॉवर सप्लाय. यादी पाहून आमचे मत असे झाले आहे, की हा संगणक मोडीत काढण्याजोगा नाही.

विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, म्हणून अनेक दुकानदार नवा संगणक गळ्यात मारतात. पण या प्रोसेसरवर विंडोज ११ चालते. बायोसमध्ये टीपीएम सुरू करावे लागते, एवढेच. उद्या अधिक ताकद लागली तरी याच जातीच्या बहुतेक मदरबोर्डांवर, बायोस अद्ययावत करून, नंतरचे रायझन ५००० मालिकेतले प्रोसेसर बसतात. उलट सगळे नव्याने बांधायचे तर मदरबोर्ड नवा आणि मेमरीही नव्या पद्धतीची, डीडीआर५, घ्यावी लागेल. म्हणजे ज्या वस्तूचा भाव सर्वांत भडकला, तीच पूर्णपणे नव्याने विकत घ्यायची! हा कोणता व्यवहार?

म्हणून मुलाने आधी पुढील गोष्टी कराव्यात.

१) संगणक उघडून धूळ काढावी. मराठवाड्याचा उन्हाळा चाळीस अंशांवर जातो. पंखे तुंबले की प्रोसेसर तापून आपणच हळू होतो. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी. खर्च थोडा, फरक मोठा.

२) गेम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून आकडे वहीत लिहावेत. रॅम भरलेली दिसली तर आठ जीबीची दुसरी पट्टी लावावी, ती पहिलीशी जुळणारी असावी. ग्राफिक्स कार्ड पूर्ण भारावर आणि प्रोसेसर निवांत असेल तर अडचण कार्डाची आहे. उलटे असेल तर नवे कार्ड घेऊनही पैसा वाया जाईल.

३) गेममधली चित्राची प्रत एक पायरी उतरवून पाहावी. कित्येकदा डोळ्याला फरक कळत नाही आणि अडखळणे थांबते.

४) मोठे कार्ड घेण्यापूर्वी पॉवर सप्लाय तपासावा. बहुतेक १६५० कार्डांना वेगळी वायर लागत नाही. मोठ्या कार्डांना लागते. आपल्याकडे वीज कमी-जास्त होते, म्हणून बिननावाचा स्वस्त सप्लाय कधीही घेऊ नये.

जुना भाग घ्यायला लाजू नये. बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली. कामाची वस्तू जुनी असली तरी कामाचीच असते. मात्र जुने कार्ड डोळ्यांसमोर अर्धा तास चालवून पाहावे आणि मूळ बिल मागावे. बिल नाही तर हमी नाही.

हप्त्याच्या मोहात पडू नये. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याज कुठेतरी लपलेले असते, कधी किमतीत, कधी शुल्कात.

आता मुख्य मुद्दा. दीघजाणू नावाच्या गृहस्थाला भगवंतांनी समजीविता सांगितली. तराजू धरणाऱ्याला जसे कोणते पारडे किती झुकले ते कळते, तसे गृहस्थाला आपले येणे आणि जाणे कळले पाहिजे. उधळपट्टीही नको आणि कंजूषपणाही नको. सिगालोवादात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, एक अडचणीच्या दिवसांसाठी. ताई, हीच वाटणी मुलाच्या कमाईला लावा. बॅनर-व्हिडिओच्या पैशांतले दोन भाग कामाला लागणाऱ्या सामानाचे. रॅमची पट्टी त्यातून येईल, कारण व्हिडिओच्या कामालाही ती हवीच. एक भाग पोस्टात. एक भाग त्याच्या हौसेचा. ग्राफिक्स कार्ड त्यातून घ्यावे आणि त्यावर कोणी बोलू नये. १४ एप्रिल ते बुद्धपौर्णिमा हा त्याच्या कामाचा हंगाम. बुद्धपौर्णिमा झाली की सर्वांनी वही उघडून बसावे आणि त्या दिवशीचा भाव पाहून ठरवावे. थांबण्यालाही तारीख असावी, नाहीतर थांबणे म्हणजे नुसते टाळणे होते आणि पोराचा घरावरचा विश्वास उडतो.

घरच्या सत्तर हजारांना हात लावू नये. ते मुलीच्या लातूरचे आहेत. १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याची कसोटी सांगितली. ती कसोटी आपल्या उंबरठ्याच्या आतही लागू आहे. आणखी एक : संगणक घराचा आहे. संध्याकाळचे दोन तास तो धाकटीच्या अभ्यासाचे, असे आजच ठरवा. मुलाने तिला तो शिकवावा.

मुलगा नाराज होईल का? थोडा होईल. त्याला हा लेख वाचायला द्या आणि वहीही द्या. हिशेब त्याच्याच हाताने लिहू द्या. स्वतः मांडलेला हिशेब माणूस सहसा मोडत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!