अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे हक्क कसे पोखरले गेले?

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतील अभ्यासवर्गात एका तरुणाने विचारले, "अमेरिकेत ओबामा दोन वेळा अध्यक्ष झाले. मग तिथला कृष्णवर्णीयांचा प्रश्न सुटला नाही का?" प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला आम्हाला तासभर पुरला नाही. म्हणून हे लिहीत आहोत.

आपल्याकडे अमेरिका दिसते ती व्हिसाच्या आणि ट्रम्प यांच्या बातम्यांतून. पण चळवळीत काम करणाऱ्यांनी तिथला दुसराच इतिहास समजून घेतला पाहिजे. लढून मिळवलेला हक्क कायद्याच्या पुस्तकात तसाच ठेवून त्यातला जीव कसा काढून घेतला जातो, याचा तो इतिहास आहे.

घटना होती, मत नव्हते

यादवी युद्धानंतर १८६५ ते १८७० या काळात अमेरिकेच्या राज्यघटनेत तीन दुरुस्त्या झाल्या. गुलामगिरी संपली, नागरिकत्व मिळाले आणि वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारता येणार नाही, असे लिहिले गेले. पण १८७७ मध्ये केंद्र सरकारने दक्षिणेतील राज्यांवरचा हात काढून घेतला. त्यानंतर त्या राज्यांनी मतदारांसाठी वाचन-परीक्षा आणली, मतदानासाठी कर लावला. घटनेतील एक शब्दही न बदलता लाखो कृष्णवर्णीय मतदानातून बाहेर फेकले गेले.

हे चित्र बदलायला जवळजवळ ९० वर्षे लागली. ७ मार्च १९६५ रोजी अलाबामातील सेल्मा येथे पुलावरून निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. पंचवीस वर्षांच्या जॉन लुईस यांचे डोके फुटले. त्याच वर्षी ६ ऑगस्टला मतदान हक्क कायदा झाला. त्यातील सर्वांत महत्त्वाची तरतूद पूर्वपरवानगीची होती. ज्या राज्यांचा भेदभावाचा इतिहास आहे, त्यांनी निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची. म्हणजे अन्याय झाल्यावर कोर्टात जायचे नाही, तो होण्याआधीच अडवायचा. मिसिसिपी राज्यात कायद्याआधी सुमारे ७ टक्के कृष्णवर्णीयांचीच मतदार नोंदणी होती. दोन वर्षांत ती ६० टक्क्यांच्या आसपास गेली.

२०१३: कुलूप तसेच, किल्ली गायब

४ नोव्हेंबर २००८ रोजी बराक ओबामा निवडून आले. वंशवाद आता संपला, असे अनेकांनी जाहीर करून टाकले. पुढे हाच युक्तिवाद हक्कांच्या विरोधात वापरला गेला.

२५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'शेल्बी काउंटी विरुद्ध होल्डर' खटल्यात ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला. न्यायालयाने पूर्वपरवानगीची तरतूद रद्द केली नाही. कोणत्या राज्यांना ती लागू होईल हे ठरवणारे सूत्र जुने झाले आहे, असे म्हणून तेवढेच रद्द केले. आता नवे सूत्र संसदेने ठरवायचे. गंमत अशी की २००६ मध्ये याच कायद्याला सिनेटने ९८ विरुद्ध ० मतांनी २५ वर्षांची मुदतवाढ दिली होती. पण २०१३ नंतर नवे सूत्र काही आले नाही. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी मत लिहिताना सांगितले की, पावसात आपण भिजत नाही म्हणून छत्री फेकून देण्यासारखे हे आहे.

निकाल लागला त्याच दिवशी टेक्सासने मतदार ओळखपत्राचा आधी अडवलेला कडक कायदा लागू करत असल्याचे जाहीर केले. नॉर्थ कॅरोलायनानेही त्याच वर्षी असाच कायदा केला. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. कृष्णवर्णीय मतदारांना अगदी नेमके टिपून तो केला आहे, असा शेरा न्यायालयाने मारला. पण मधल्या तीन वर्षांत झालेल्या निवडणुका परत होत नाहीत.

रस्त्यावरची ताकद आणि तिची मर्यादा

याच २०१३ मध्ये ट्रेव्हॉन मार्टिन या १७ वर्षांच्या निःशस्त्र मुलाला गोळी घालणारा माणूस निर्दोष सुटला. त्यानंतर तीन कृष्णवर्णीय स्त्रियांनी 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' ही हाक दिली. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये पोलीस अधिकारी डेरेक शॉविनने नऊ मिनिटांहून अधिक काळ जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर गुडघा दाबून धरला आणि त्यांचा जीव घेतला. एका सतरा वर्षांच्या मुलीने मोबाइलवर ते चित्रित केले. देशभर लाखो लोक रस्त्यावर उतरले. शॉविनला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली.

पण फ्लॉइड यांच्या नावाचे पोलीस सुधारणा विधेयक मार्च २०२१ मध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकले. एका गुन्हेगाराला शिक्षा झाली, यंत्रणा तशीच राहिली. खैरलांजी आठवणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

जॉर्जियाचा धडा

स्टेसी अब्राम्स २०१८ मध्ये जॉर्जियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरल्या. त्या घरी बसल्या नाहीत. त्यांनी आणि अनेक स्थानिक संघटनांनी दारोदार जाऊन मतदार नोंदणी केली. ५ जानेवारी २०२१ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांच्याच चर्चचे धर्मगुरू राफाएल वॉर्नॉक जिंकले आणि जॉर्जियाचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले.

दुसऱ्याच दिवशी, ६ जानेवारीला, ट्रम्प समर्थकांचा जमाव संसद भवनात घुसला. गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचा झेंडा त्या इमारतीत मिरवला गेला. ही बातमी जगभर गेली. मार्च महिन्यात जॉर्जियात काय झाले ते मात्र फार थोड्यांनी वाचले. राज्याने निवडणूक कायदा बदलून टपाली मतदानाचे नियम कडक केले, मतपत्रिका टाकायच्या पेट्या मर्यादित केल्या आणि मतदान केंद्राजवळ रांगेतल्या लोकांना स्वयंसेवकांनी पाणी किंवा खाऊ देण्यावरही बंदी घातली. आमच्या मते दगडफेक करणाऱ्या जमावापेक्षा हा कागद जास्त दूरगामी होता.

२०२३ ते २०२५

२९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात प्रवेशप्रक्रियेत वंशाचा विचार करणे घटनाबाह्य ठरवले. त्यासाठी आधार घेतला तो चौदाव्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्यांना समान संरक्षण देण्यासाठी केलेल्या कलमाचा. मतदान हक्काच्या २०१३ च्या खटल्यामागे आणि या खटल्यामागे माणूस एकच होता: एडवर्ड ब्लम. ते वकीलही नाहीत. योग्य फिर्यादी शोधणे, पैसा उभारणे, एक खटला हरल्यावर पुढचा उभा करणे, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने केले.

२० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प पुन्हा अध्यक्ष झाले. पहिल्याच दिवशी त्यांनी ६ जानेवारीच्या प्रकरणातील सुमारे १,५०० जणांना माफी दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी अध्यक्ष जॉन्सन यांचा १९६५ चा आदेश रद्द केला. सरकारी कंत्राटदारांनी नोकरभरतीत भेदभाव न करता समान संधीसाठी पावले उचलावीत, असा तो आदेश होता. साठ वर्षांचा आदेश एका सहीने गेला, कारण तो संसदेचा कायदा नव्हता.

आपला संबंध काय?

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ च्या दलित पँथरने नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. कॅलिफोर्नियाचे तसेच विधेयक मात्र गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नामंजूर केले. आधीचे कायदे पुरेसे आहेत, असे कारण दिले गेले.

आपले आरक्षण थेट घटनेत आहे, अमेरिकेतले तसे नव्हते. त्यामुळे तिथले सगळे इथे जसेच्या तसे घडेल, असे आम्ही म्हणत नाही. पण पद्धत ओळखीची आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय काढला, तेव्हा आरक्षणाच्या कोणत्याही कलमाला हात लावला नव्हता. विरोध झाला म्हणून तो ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला.

म्हणून तरुण मित्रांना आमचे सांगणे एवढेच: "घटना बदलणार का?" या एकाच प्रश्नावर पहारा देऊ नका. शासन निर्णय, भरतीची जाहिरात, शिष्यवृत्तीची अट, मतदार यादी या गोष्टी वाचायला शिका. प्रत्येक वस्तीत निदान दोघांनी हे काम अंगावर घ्यावे. अब्राम्स यांच्यासारखे दारोदार जाणारे आपल्याकडे खूप आहेत. ब्लम यांच्याइतक्या चिकाटीने कागदामागे लागणारे मात्र आपल्या बाजूला कमी आहेत. पुढच्या अभ्यासवर्गात आम्ही वस्तीची मतदार यादीच वाचायला घेणार आहोत.