टिंबाचा परदेश प्रवास

बालमित्रांनो, दशांश अपूर्णांक म्हटलं की वर्गातल्या निम्म्या माना खाली जातात. सगळी भीती त्या इवल्याशा टिंबाची! म्हणून आज या टिंबालाच बरोबर घेऊन प्रवासाला निघू या. वही-पेन्सिल घेतलीत ना?

सुरुवात आपल्या घरातून. आजी अजूनही 'चार आणे', 'आठ आणे' म्हणते ना? ३१ मार्च १९५७ पर्यंत आपल्याकडे १ रुपयाचे १६ आणे आणि १ आण्याचे ४ पैसे होते. मग चार आणे म्हणजे ०.४ रुपया का? नाही हं! १६ पैकी ४ म्हणजे पाव, म्हणून ०.२५ रुपया. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले आणि हिशेब टिंबाने लिहिणं सोपं झालं.

तेव्हापासून आपल्याला एक सवय लागली. टिंबाच्या डावीकडे रुपये, उजवीकडे पैसे! ५.७५ म्हणजे ५ रुपये ७५ पैसे. घरात ही सवय चालून जाते. पण बाहेर?

चला कुवेतला. कोकणातल्या कितीतरी घरांतले बाबा, काका, मामा आखाती देशांत नोकरीला आहेत. कुवेतचं नाणं दिनार आणि १ दिनारचे फिल्स १०००! आता सांगा पाहू, २.५ दिनार म्हणजे किती? "२ दिनार ५ फिल्स" असं म्हणालात तर दुकानदार हसेल. ५० फिल्सही नाहीत. बरोबर उत्तर २ दिनार ५०० फिल्स!

असं का? कारण टिंबाला पैसे, फिल्स काही कळत नाही. त्याला कळतात फक्त घरं. टिंबानंतरचं पहिलं घर दशांशाचं, दुसरं शतांशाचं, तिसरं सहस्रांशाचं. दिनारचा दशांश भाग म्हणजे १०० फिल्स, शतांश १० फिल्स आणि सहस्रांश १ फिल्स. ५ हा अंक पहिल्या घरात बसला की त्याचे ५०० फिल्स होतात. २ दिनार ५ फिल्स लिहायचे असतील तर मधली दोन घरं शून्यांनी भरावी लागतात : २.००५. शून्य विसरलात की ४९५ फिल्सचा घोटाळा! आपल्याकडेही २ रुपये ५ पैसे म्हणजे २.०५, २.५ नव्हे.

आता नेपाळ. काशीला गेलेली मंडळी पुढे काठमांडूला पशुपतिनाथाच्या दर्शनालाही जातात. १९९३ पासून भारताचा १ रुपया म्हणजे नेपाळचे १.६० रुपये असा दर ठरलेला आहे. आपल्या १०० रुपयांचे तिथले १६० होतात. समजा, तिथे शाल २४० नेपाळी रुपयांना आहे. आपले किती रुपये गेले?

थांबा! आधी अंदाज, मग आकडेमोड. आपला रुपया मोठा, म्हणून उत्तर २४० पेक्षा कमी यायला हवं. पण निम्म्याहून, म्हणजे १२० हून जास्त. आता २४० ला १.६ ने भागा. टिंब अडतंय? दोन्ही संख्यांना १० ने गुणा, उत्तर बदलत नाही. २४०० भागिले १६ बरोबर १५०. अंदाजात बसलं की नाही? कोणाचं १५ किंवा १५०० आलं असेल, तर चूक टिंबाची आहे हे अंदाजच सांगतो.

पालकांना एक विनंती. मुलांना २.७५ हे 'दोन पॉइंट पंचाहत्तर' असं वाचायला शिकवू नका, 'दोन पॉइंट सात पाच' असं वाचून घ्या. 'पंचाहत्तर' म्हटलं की २.७५ हे २.८ पेक्षा मोठं वाटू लागतं. आणि किराण्याची पावती टाकून देऊ नका. बेरीज मुलांकडून तपासून घ्या.

आता तुमची पाळी!

१) ओमानमध्ये १ रियालचे १००० बैसा. मग ३ रियाल ७५ बैसा दशांशात कसे लिहाल?

२) आपल्या ३५० रुपयांचे नेपाळी रुपये किती?

आधी अंदाज लिहा बरं का! उत्तरं पुढच्या अंकात.