म्हातारपणाची काठी आणि मालजामीन

मराठीत ‘आधार’ हा शब्द मोठा सैल आहे, आणि म्हणूनच सोयीचा आहे. खचलेल्या भिंतीला दिलेला टेकू हाही आधार आणि उतारवयात मुलाने करायचे तोही आधार. मुलाला ‘म्हातारपणाची काठी’ म्हणताना ही काठी किती वर्षे टिकेल, किती भार पेलेल, याची चौकशी कोणी करीत नाही. किंबहुना तशी चौकशी करणे आपल्याकडे अशिष्टच मानले जाते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि आईवडिलांना तिकडे कायमचे नेऊ पाहणाऱ्या मुलाला वा मुलीला मात्र ही चौकशी टाळता येत नाही. तेथील इमिग्रेशन खात्याच्या आय-८६४ या अर्जाचे नाव ‘ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट’ असे आहे. त्याचे भाषांतर कोणी ‘आधाराचे प्रतिज्ञापत्र’ असे केले, तर ते शब्दशः बरोबर आणि अर्थाने साफ चुकीचे ठरेल. या ‘सपोर्ट’ला रक्कम आहे, मुदत आहे, आणि तो मिळाला नाही तर न्यायालयात दाद मागण्याचा अधिकारही आहे.

साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी या कोरड्या कागदात का डोकवावे, असा प्रश्न येथे उभा राहील. एक कारण उघड आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले, भाचरे, माजी विद्यार्थी तिकडे आहेत, आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या प्राध्यापकांना ‘तुम्हीच इकडे या ना’ असा आग्रह होत असतो. दुसरे कारण भाषेचे आहे. नात्यातला पैशाचा व्यवहार शब्दांत न मांडण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती या कागदासमोर निरुपयोगी ठरते, इतकेच नव्हे तर धोक्याची ठरते. प्रस्तुत लेखात एवढेच म्हणायचे आहे, की हा करार सही करण्यापूर्वी दोन्ही पिढ्यांनी एकत्र बसून मोठ्याने वाचावा, आणि तसे वाचण्याने माया कमी होते हा समज सोडून द्यावा.

आधी थोडा इतिहास. सरकारवर भार होईल अशा माणसाला देशात घेऊ नये, हे तत्त्व अमेरिकेच्या १८८२ च्या इमिग्रेशन कायद्यातच आले होते. पुढे नातेवाइकांकडून हमीपत्रे घेण्याची प्रथा पडली. परंतु ती हमी बव्हंशी नैतिक स्वरूपाची राहिली. सरकारने वसुलीचे दावे केले तेव्हा, हे कायदेशीर कंत्राट नव्हे, असे म्हणून न्यायालयांनी ते फेटाळल्याचीही उदाहरणे आहेत. १९९६ साली अध्यक्ष क्लिंटन यांच्या काळात कल्याणकारी योजनांचा आणि इमिग्रेशनचा असे दोन्ही कायदे बदलले. स्थलांतरित वृद्धांना मिळणाऱ्या सरकारी साहाय्याचा वाढता खर्च हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. डिसेंबर १९९७ पासून हमीपत्राचा नवा नमुना आला, आणि नैतिक वचनाचे रूपांतर बंधनकारक करारात झाले.

या करारात स्पॉन्सर काय लिहून देतो? ज्याला आणायचे त्याचा निर्वाह केंद्र सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यपातळीच्या किमान १२५ टक्के इतक्या उत्पन्नाला खाली येऊ देणार नाही, असे तो लिहून देतो. नवरा, बायको, दोन मुले आणि येऊ घातलेले आईवडील अशा सहा माणसांच्या कुटुंबासाठी २०२५ च्या तक्त्यानुसार ही रक्कम वर्षाला सुमारे ५३,९३७ डॉलर होते. पगारात कमी पडले तर घर, ठेवी, शेअर यांचे मूल्य धरता येते. पण आईवडिलांच्या बाबतीत ते तुटीच्या पाचपट असावे लागते. संगणकक्षेत्रात बऱ्या पगारावर असलेल्या मुलाला हा आकडा किरकोळ वाटतो, आणि त्यामुळेच तो पुढचे कलम न वाचता सही करतो. पुढचे कलम मुदतीचे आहे.

ही हमी चार-पाच प्रसंगीच संपते. आलेली व्यक्ती अमेरिकेची नागरिक झाली, तिच्या खात्यावर सामाजिक सुरक्षेच्या हिशेबाने चाळीस तिमाहींचे, म्हणजे साधारणतः दहा वर्षांचे, काम जमा झाले, ती कायम वास्तव्याचा हक्क सोडून परत गेली, किंवा तिचा अथवा हमीदाराचा मृत्यू झाला, तर. नोकरी गेली म्हणून ती संपत नाही. भांडण होऊन वेगळे राहू लागले म्हणून संपत नाही. पतिपत्नींच्या बाबतीत तर घटस्फोटानेही संपत नाही. हमीदाराने घर बदलले तर तीस दिवसांत तसे कळवणेही बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास दंड आहे.

आता ही कलमे सत्तरीतल्या आईवडिलांना लावून पाहावीत. चाळीस तिमाही काम त्यांच्याकडून होणे नाही. पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, पण त्यासाठी इंग्रजीची आणि नागरिकशास्त्राची परीक्षा आहे. वयाच्या आधारे इंग्रजीतून मिळणारी सूट तेथे पंधरा किंवा वीस वर्षे कायम वास्तव्य झालेल्यांनाच मिळते. उतारवयात गेलेल्यांना ती जवळजवळ गैरलागू आहे. वैद्यकीय कारणाने सूट मागता येते, परंतु ती सिद्ध करावी लागते. शिवाय अमेरिकन नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व जाते. ज्या माणसाने जन्मभर येथे मतदान केले, त्याला ओसीआय कार्डावर समाधान मानून ‘परदेशी’ होणे पटेलच असे नाही. त्याचे हे न पटणे पूर्णतः सन्मान्य आहे. पण त्या निर्णयाने मुलाची हमी आमरण होते, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात नसते.

खरी मेख आजारपणात आहे. पासष्टीनंतरचा मेडिकेअर हा सरकारी विमा नव्याने आलेल्या वृद्धाला सलग पाच वर्षे राहिल्यावरच विकत घेता येतो, आणि काम केल्याची नोंद नसल्याने तो पूर्ण दराने घ्यावा लागतो. २०२५ साली रुग्णालयाच्या भागासाठी दरमहा ५१८ आणि डॉक्टरांच्या भागासाठी १८५ डॉलर असा हप्ता होता. म्हणजे माणशी सातशेच्या वर, दोघांचे मिळून चौदाशेच्या वर, आणि तेही औषधे सोडून. पहिली पाच वर्षे खासगी विम्याच्या भरवशावर काढायची. गरिबांसाठीच्या मेडिकेडकडे वळावे, तर तेथे कायदा हमीदाराचे उत्पन्न आईवडिलांचेच आहे असे धरून पात्रता मोजतो. आणि तरीही असे साहाय्य घेतले गेलेच, तर त्याची भरपाई हमीदाराकडे मागण्याचा अधिकार सरकारला आहे. तातडीच्या उपचारांचे मेडिकेड मात्र यातून वगळले आहे, आणि खासगी रुग्णालयाचे बिल केवळ या करारामुळे आपोआप मुलाच्या नावावर चढत नाही, हेही नमूद केले पाहिजे. ‘सरकार कुठे वसूल करते?’ असे म्हणणारे भेटतात. दीर्घकाळ अशी वसुली क्वचित होत असे, हे खरे. पण २०१९ साली ट्रम्प यांनी अध्यक्षीय आदेशाने ती कडकपणे करण्यास सांगितले, २०२१ मध्ये बायडन यांनी तो आदेश रद्द केला. सरकारे येतात, जातात. कागदावरची सही जागेवर असते.

येथे आपल्या जुन्या कागदपत्रांची आठवण होते. पेशवेकालीन व्यवहारात हाजिरजामीन, मालजामीन, फैलजामीन असे जामिनाचे वेगवेगळे प्रकार होते. माणूस बोलावल्यावेळी हजर होईल याची हमी हाजिरजामीन देई; त्याच्याकडील येण्याची मालजामीन, आणि त्याच्या वर्तनाची फैलजामीन. कोणी कशाला बांधले गेले आहे, हे शब्द उच्चारताच कळे. बखरी आणि मोडी कागद अभ्यासक्रमात ठेवणाऱ्या आपण हे शब्द ‘ऐतिहासिक शब्दसंग्रहा’त टाकून मोकळे झालो. अमेरिकेतील स्पॉन्सर हा वस्तुतः मालजामीन आहे. ‘मी बाबांना स्पॉन्सर करतोय’ या वाक्यात सणासमारंभाचा प्रायोजक असल्याचा सूर लागतो. ‘मी बाबांना मालजामीन राहतोय’ असे म्हटले, की पाठीचा कणा आपोआप ताठ होतो.

हा फरक सर्वांत जास्त जाणवतो तो जोड-हमीदाराच्या बाबतीत. मुलाचे उत्पन्न अपुरे असेल, तर त्याच्या जोडीला तिसरा माणूस सही करू शकतो. तो नातेवाईक असण्याचीही गरज नाही. तो अमेरिकेत राहणारा, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आणि पुरेशा उत्पन्नाचा असला की पुरे. मंडळाच्या गणेशोत्सवात ओळख झालेला स्नेही भिडेखातर सही करून देतो. त्यानंतर मुलाची आणि त्याची जबाबदारी संयुक्त तसेच स्वतंत्रही असते, म्हणजे पूर्ण रक्कम एकट्या त्याच्याकडूनही मागता येते. ‘जबाबदार’ या शब्दाचा मूळ अर्थ जबाब देणारा असा आहे. येथे तो अक्षरशः खरा होतो. अशी सही मागणाऱ्याने तिची मुदत सांगितली पाहिजे, आणि मागितली गेलेल्याने नकार दिला तर त्याला कृतघ्न म्हणू नये.

आतापर्यंत धोका हमीदाराच्या बाजूने पाहिला. पण या करारात दुसराही एक पक्ष आहे, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्याच्यासाठी हमी दिली, तो स्वतःही न्यायालयात जाऊ शकतो. २०१२ साली सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयात न्या. रिचर्ड पोस्नर यांनी असा निर्णय दिला, की घटस्फोटानंतरही पत्नीला हा निर्वाह मागता येतो, आणि तिने काम शोधले नाही एवढ्या कारणावरून तो नाकारता येत नाही. तिकडे टाकून दिलेल्या एखाद्या विवाहितेच्या हाती हा कागद केवढे बळ देऊ शकेल! मात्र येथे एक दुःखद गोम आहे. आपल्याकडच्या बहुसंख्य मुली नवऱ्याच्या एच-१बी नोकरीच्या आश्रयाने एच-४ व्हिसावर जातात, आणि पुढे त्याच्या कंपनीमार्फत होणाऱ्या ग्रीन कार्डात त्याच्या मागोमाग येतात. या वाटेवर सहसा असे हमीपत्र लागतच नाही. म्हणजे नागरिक नवऱ्याने आणलेल्या पत्नीच्या हाती करार असतो, आणि कंपनीच्या वाटेने गेलेलीच्या हाती तो नसतो. मुलीला तिकडे देताना पत्रिका पाहणाऱ्या घरांनी हेही पाहावे.

‘नाती कायद्याने बांधता येत नाहीत’ हा आक्षेप येथे अपेक्षित आहे. पण आपणही ती बांधलेलीच आहेत. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी भारताने २००७ साली स्वतंत्र कायदा केला; त्याखाली न्यायाधिकरण मुलांना निर्वाहभत्ता द्यायला लावू शकते, आणि त्याची कमाल मर्यादा दरमहा दहा हजार रुपये ठेवलेली आहे. फरक एवढाच, की भारतात हे कर्तव्य जन्माने येते आणि सर्व अपत्यांवर येते. तेथे ते सहीने येते आणि सही करणाऱ्यावरच येते. या फरकातून घरोघरी न बोललेला अन्याय घडतो. अमेरिकेतला धाकटा सही करतो, पुण्यातला थोरला सुटल्यासारखा वागतो, आणि राहत्या घराचा प्रश्न कोणी काढत नाही. पुष्कळदा आईवडील घर विकून पैसे मुलांत वाटून जातात, आणि परतीची वाट स्वतःच बंद करतात. २००७ च्याच कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवण्याची तरतूद आहे. पण ती अट बक्षीसपत्रात लिहावी हे सांगायला आईवडिलांचीच जीभ रेटत नाही.

ही जीभ का रेटत नाही, याचे काही उत्तर आपल्या साहित्यात सापडेल. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ने परदेशी गेलेल्या मुलाची वाट पाहणारे घर आपल्या मनात कायमचे वसवले. ते नाटक मोठेच आहे. परंतु त्यानंतर आपल्या कथा-कादंबऱ्यांनी बहुधा विरहाचीच बाजू गिरवली. नेलेल्या आईवडिलांचा खर्च, त्यांच्या हाती स्वतःचा पैसा नसणे, सुनेच्या पगारातून जाणारा विम्याचा हप्ता, या गोष्टी कथाविषय म्हणून आपल्याला क्षुद्र वाटल्या. हिशेब म्हणजे मायेचा अभाव, असे समीकरण त्यातून पक्के झाले. जो समाज नात्यातले करार लिहीत नाही आणि त्यांच्या गोष्टीही सांगत नाही, त्याला ते एकदम वकिलाच्या नोटिशीतच वाचावे लागतात.

म्हणून सूचना साध्या आहेत. सही होण्यापूर्वी अर्जातील अटींचे कोणीतरी स्वच्छ मराठीत वाचन करावे. घरातल्या इंग्रजी जाणणाऱ्या नातीनेही केले तरी चालेल. विम्याचा हप्ता कोण भरणार, येथील घर ठेवायचे की नाही, भारतातली भावंडे किती वाटा उचलणार, नागरिकत्व घ्यायचे की नाही, हे वहीत लिहावे. पेन्शनचे खाते आईवडिलांच्याच हाती राहावे. आणि त्यांना जायचेच नसेल, तर पर्यटक व्हिसावर चार-सहा महिने राहून परत येण्याला कोणी मायेतली कसूर समजू नये. मायेने माणूस सही करतो, हे ठीकच आहे. पण कशावर सही केली, हे त्याला आणि ज्यांच्यासाठी केली त्यांनाही ठाऊक असले पाहिजे.