पुस्तक बोलेल, पण फाइल नीट हवी

मा. संचालक, बालभारती, पुणे यांना


कुंकवासाठी ओळखल्या जाणाऱ्या केम (ता. करमाळा, जि. सोलापूर) इथून हे पत्र लिहितो आहे.

अंधांना परवडणारं वाचनयंत्र हवं, असं सगळेच म्हणतात. ब्रेलचे ठिपके वर-खाली करणारी यंत्रं महाग आहेत, ती स्वस्त व्हायलाच हवीत. पण ऐकून वाचण्याचं यंत्र खेड्यातही पोचलं आहे. साध्या अँड्रॉइड फोनमधलं टॉकबॅक बोटाखालचा मजकूर बोलून दाखवतं. संगणकासाठी मायकल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी 2006 पासून एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर घडवलं. ते फुकट मिळतं आणि मराठीही वाचतं.

घोडं अडतं ते पुस्तकापाशी. मराठी छपाईत जुने फॉन्ट अजून चालतात. पानावर ‘क’ दिसतो, फाइलच्या पोटात मात्र भलतंच रोमन अक्षर असतं. डोळस वाचकाला याचा पत्ताही लागत नाही. फोन पोटातलं वाचतो, म्हणून धड्याऐवजी निरर्थक बडबड ऐकू येते. पान नुसतं स्कॅन केलेलं असेल तर तेही नाही. स्कॅनमधून मजकूर काढता येतो, पण रफार, जोडाक्षरं, कोष्टकं यांत चुका राहतात आणि त्या निस्तरायला शेजारी डोळस माणूस लागतो. दहावीच्या वर्षात असा माणूस रोज कुठून आणायचा? शहरात वाचक स्वयंसेवक तरी मिळतात. गावात आई वाचून दाखवते, तेही तिला वाचता येत असेल तर!

कायद्याची अडचण नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा पात्र विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं आणि साधनं मोफत द्यायला सांगतो. अंधांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत काढायला कॉपीराइटची वाट 2012 च्या दुरुस्तीने मोकळी झाली. सुलभ पुस्तकांसाठीचा मराकेश करार 2014 मध्ये सर्वांत आधी भारतानेच मंजूर केला.

नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं तयार होत आहेत, हीच वेळ आहे. प्रत्येक पुस्तक छापील प्रतीबरोबरच फाइलमध्ये खरी मराठी अक्षरं ठेवणाऱ्या युनिकोडमधल्या ईपब या ई-पुस्तकाच्या रूपात द्या. गणिताची सूत्रं चित्र म्हणून टाकू नका. भीमेच्या खोऱ्याचा नकाशा असेल, तर नदी कुठून कुठे वाहते आणि उजनी धरण कुठे आहे ते चार ओळींत लिहा. ‘नकाशा पाहा’ एवढं ऐकून अंध मुलाच्या हाती काही लागत नाही. आणि पुस्तक छापखान्यात जाण्याआधी अंध शिक्षकांकडून ते फोनवर वाचून घ्या. पुढच्या जूनच्या पुस्तकांपासूनच ही सुरुवात करावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
केम येथील एक वाचक